परक्या गाडीत, ओळखीच्या घाटात

रोज चालवतो त्या गाडीबद्दल माणसाला धड मत देता येत नाही. क्लच जड असला तरी पाय त्याला सरावलेला असतो, एखादं बटण अडचणीत असलं तरी बोट आपसूक तिकडे वळतं. भाड्यानं घेतलेल्या गाडीला ही सवलत मिळत नाही. तिथे हात, पाय, पाठ, डोळे सगळेच नवखे असतात. गाडी बनवणाऱ्यानं माणसाचा किती विचार केलाय, ते पहिल्या तासाभरातच कळून येतं. यंदा चतुर्थीला आई आणि मावशीला घेऊन मी पुण्याहून सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी गेले ती भाड्याच्या सेडानमधून. वाटेत डोंगर, पाऊस, धुकं सगळं भेटलं. पण या प्रवासात माझं खरं लक्ष लागून राहिलं ते गाडीकडे.

भाड्यानं घ्यायचं कारण साधं होतं. घरची हॅचबॅक शहरात सोयीची, पण मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेल्या दोन बहिणी, त्यांच्या कमरेचे पट्टे, औषधांच्या पिशव्या आणि गणपतीचं सामान यांना ती पुरणारी नव्हती. शिवाय चतुर्थीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते, म्हणून पुण्याची माणसं बहुधा सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा असं करत आंबोलीचा घाट उतरून तळकोकणात शिरतात. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता. निम्म्याहून जास्त भाग चौपदरी-सहापदरी, पुढचा अरुंद आणि शेवटचा घाटाचा. गाडीचं पाणी जोखायला याहून चांगला रस्ता शोधूनही सापडणार नाही.

गाडी मिळाली ती होंडा सिटी, 2020 साली आलेल्या पाचव्या पिढीतली, ऑटोमॅटिक गिअरची. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावरचे आकडे पिवळे असतात. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी आणि आकडे काळे. अशा गाड्या भाड्यानं देण्याचा व्यवसाय 1989 च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेच्या चौकटीत चालतो. ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, ओरखडे नोंदवून घ्यायचे, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दाखवून घ्यायचा, डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना आहेत ना ते बघायचं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: स्क्रीनवर आधीच्या भाडेकरूंच्या फोनची नावं साठून राहिलेली असतात. आपला फोन जोडला की आपले संपर्कही गाडीत उतरतात. ते गाडी परत देण्यापूर्वी पुसून टाकायचे, हे मी तेव्हाच मनाशी नोंदवून ठेवलं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी गाडी जागेवरून हलवली नाही. आधी सीट. पाठ पूर्ण टेकवून ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. माझी उंची बेताची, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत पाय पोचतात तेव्हा स्टिअरिंग छातीवर येतं आणि स्टिअरिंग जमतं तेव्हा पाय कमी पडतात. या गाडीत सीट वर-खाली होते, आणि स्टिअरिंग नुसतं वर-खाली न होता पुढे-मागेही सरकतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच जमल्या. मोटारी आखणाऱ्यांनी बरीच वर्षं सरासरी पुरुषाचं शरीर समोर ठेवून मोजमापं केली. बुटक्या बाईला नीट बसता येणं ही त्यामुळे आजही कौतुकानं नोंदवावी अशी गोष्ट आहे. पुढची काच रुंद, दोन्ही कडेचे खांब बेताचे जाड, आरसे दारावर बसवलेले. त्यामुळे खांब आणि आरसा यांच्यामधल्या फटीतून वळणावरचा माणूस दिसतो. घाटात ही फट फार मोलाची.

मग हातांची शाळा. जपानी गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते आणि वायपरची डावीकडे. युरोपीय घाटणीच्या बऱ्याच गाड्यांत हे उलट. जपानमध्ये आपल्यासारखीच उजव्या बाजूला बसून गाडी चालवतात, त्यामुळे डावा हात गिअरवर आणि उजवा इंडिकेटरवर ही वाटणी तिथे रुजली आणि आपल्याकडेही बहुतेक गाड्यांत तीच आली. माझी घरची गाडी युरोपीय वळणाची आहे. म्हणून उभ्या गाडीत डोळे रस्त्यावर ठेवून मी पुन्हा पुन्हा सराव केला: डावीकडे वळायचंय, उजवीकडे वळायचंय, पाऊस आला, पाऊस थांबला. हाताला नवी जागा पटायला थोडा वेळ लागतो, तो रस्त्यावर नेमका मिळत नाही.

या सरावात मला गाडीची खरी खूण पटली ती एसीच्या कळांपाशी. डॅशबोर्डच्या मधोमध, हात लांबवला की पोचेल अशा उंचीवर, गोल फिरवायच्या कळा आहेत. गारवा कमी-जास्त करायचा, पंखा वाढवायचा, हवा कुठे सोडायची ते ठरवायचं. प्रत्येक कळेच्या कडेला बारीक खाचा आहेत, त्यामुळे घामेजल्या बोटातूनही ती निसटत नाही. फिरवताना एकेक घर टक् करत पुढे सरकतं. तीन वेळा टक् झालं म्हणजे पंखा तीन घरं वाढला, हे न बघता कळतं. याच सिटीच्या आधीच्या, 2014 च्या पिढीत वरच्या मॉडेलांना एसीसाठी बोटाच्या स्पर्शावर चालणारी गुळगुळीत काळी पट्टी होती. दिसायला देखणी, पण सपाट काचेवर बोटाला जागा सापडत नाही, डोळ्यांना खाली उतरावंच लागतं. पुढच्या पिढीत कंपनीनं फिरत्या कळा परत आणल्या. एखाद्या उत्पादकानं नव्या दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा हाताला कळणारी गोष्ट पसंत केली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हा काही जुन्याचा हट्ट नव्हे. ताशी 80 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. स्क्रीनवर दोन सेकंद नजर गेली तर चव्वेचाळीस मीटर रस्ता न बघता पार झाला. एवढ्या अंतरात एखादी शेळी, एखादं पोर, उलट्या बाजूनं येणारा एखादा ट्रॅक्टर सहज मावतो. स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकानं 2022 साली निरनिराळ्या गाड्यांत चालकांना तीच ती साधी कामं करायला लावली: गारवा वाढवणं, रेडिओ लावणं वगैरे. ताशी 110 किलोमीटर वेगात 2005 सालच्या बटणांच्या व्होल्व्हो गाडीत ती उरकेपर्यंत 306 मीटर अंतर कापलं गेलं. स्क्रीनवर सगळं सोपवलेल्या एका नव्या गाडीत त्याच्या चौपटीहून जास्त. अमेरिकेच्या नौदलालाही हा धडा मिळाला. 2017 मध्ये सिंगापूरजवळ त्यांची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि दहा खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत सुकाणूच्या टचस्क्रीनच्या रचनेवर बोट ठेवलं गेलं, आणि पुढे नौदलानं वेग सांभाळायला पुन्हा हातानं ढकलायचे खटके बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’नंही 2026 पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर यांसारख्या कामांना स्वतंत्र बटणं किंवा दांड्या हव्यात, असं ठरवलंय.

पहाटे आई आणि मावशी खाली आल्या. सेडानमध्ये शिरताना वयस्क माणसाला थोडे कष्ट पडतात, हे मान्य करायला हवं. सीट जमिनीपासून खाली, छप्पर मागे उतरतं झालेलं. उंच गाडीत माणूस सरळ सरकून बसतो. इथे वाकावं लागतं. आईच्या गुडघ्यांसाठी मी तिला युक्ती सांगितली: आधी दाराकडे पाठ करून सीटच्या कडेवर टेकायचं, डोकं जपायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत गुडघ्याला पीळ बसतो, तो यामुळे टळतो. मावशीनं बघितलं आणि तीही तशीच बसली.

एकदा बसल्यावर मात्र दोघींची तक्रार मिटली. मागच्या सीटचं आसन लांब आहे आणि पुढच्या कडेला किंचित उचललेलं, त्यामुळे मांडीला गुडघ्याच्या जवळपर्यंत आधार मिळतो. छोट्या गाड्यांत हे आसन आखूड असतं. मांड्या अधांतरी राहतात, सगळा भार माकडहाडावर येतो आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. इथे पाठीचा कोनही थोडा मागे कललेला. मधला हात टेकायचा उशीसारखा भाग खाली घेतला की दोघींमध्ये हद्द आखली जाते आणि त्यात पाण्याची बाटली बसते. मागे एसीच्या स्वतंत्र झडपा आहेत. मावशीनं आपली बंद केली, आईनं आपली उघडी ठेवली. पुढे बसणाऱ्याला विचारावं लागलं नाही. म्हाताऱ्या माणसांना प्रवासात सगळ्यात जास्त टोचतं ते प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी सांगावं लागणं, आणि ही छोटी झडप त्यांचा तेवढा मान राखते.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढूनच पार करावा लागला. तिथला जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. चढावर या गाडीच्या गिअरची जात कळली. ही गिअरपेटी सीव्हीटी, म्हणजे तिच्यात ठरावीक दातांची चक्रं नसतात. कमी-जास्त रुंद होणाऱ्या दोन कप्प्या आणि त्यांवर फिरणारा पट्टा असतो. त्यामुळे गिअर बदलताना बसणारा हिसका नसतोच. अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला तर गाडी पाण्यावरून सरकावी तशी वेग घेते. एकदम दाबला तर मात्र इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. या जातीच्या सगळ्याच गिअरपेट्यांचा हा स्वभाव. 1,498 सीसीचं पेट्रोल इंजिन 121 अश्वशक्तीचं आहे, पण त्याचा जोर वरच्या फेऱ्यांवर. म्हणून चढावर ट्रकला मागे टाकायचं तर आधीच ठरवावं लागतं, मोकळा पट्टा बघावा लागतो. मी दोन ट्रकांमागे शांत राहिले. मागे दोघी जप करत होत्या. त्यांच्या लयीत खंड पडला नाही.

साताऱ्याच्या पुढे रस्ता सपाट झाला आणि गाडीच्या पोटातली शांतता लक्षात आली. सेडानचे तीन कप्पे असतात: पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे सामान. हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये सामानाची जागा माणसांच्या खोलीतच उघडते, त्यामुळे मागच्या चाकांचा रस्त्यावरचा घोंगावता आवाज थेट कानाशी येतो. इथे मागची सीट आणि तिच्यावरची फळी मध्ये भिंतीसारखी उभी असते. मागे बसलेल्या आईशी मी आवाज न चढवता बोलत होते आणि ती कानाला हात न लावता उत्तर देत होती. डिकी 506 लिटरची. तिच्यात दोन बॅगा, आरासीचं सामान, नारळाचं पोतं, समया, मावशीनं जपून गुंडाळलेलं पाटाचं गाठोडं असं सगळं मावलं. मावशीचा हिशेब पुढचाही होता: येताना सुके बांगडे आणि सोडे आणायचे, आणि त्यांचा वास डिकीतच राहील ना, एवढंच तिला विचारायचं होतं. राहतो. कप्पा वेगळा असण्याचा हा फायदा कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

कराड मागे पडल्यावर आईनं फियाटचा विषय काढला. तिच्या लहानपणी एका नातलगाकडे फियाट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, पुढे पद्मिनी नावानं ओळखली गेलेली तीच. पुढे एकसंध लांब सीट, गिअरची दांडी स्टिअरिंगला, आणि पुढच्या दाराला ती छोटी त्रिकोणी काच. ती काच फिरवली की वारा नेमका पाहिजे तिथे, गळ्याशी किंवा तोंडावर घेता यायचा. आईला गाडीचा रंग आठवत नव्हता, पण त्या काचेची खिट्टी कशी दाबून फिरवायची ते तिनं हवेत बोटांनी करून दाखवलं. हाताला समजलेली गोष्ट साठ वर्षं टिकते, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

रस्त्यावर आजूबाजूला पाहिलं तर अशा पूर्ण लांबीच्या सेडान फार थोड्या दिसत होत्या. होंडा सिटी भारतात आली 1998 साली, आणि पुढची कितीतरी वर्षं मध्यमवर्गाची बढती म्हणजे अशी गाडी, असं समीकरण होतं. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं. मग डिकी कापून चार मीटरच्या आत बसवलेल्या सेडान आल्या, आणि त्यानंतर त्याच लांबीत उंच उभ्या राहणाऱ्या एसयूव्ही. खड्डे, पाणी भरलेले रस्ते, उंचावरून दिसणारा रस्ता आणि चढण्या-उतरण्याची सोय ही उंच गाडी घेण्याची रास्त कारणं आहेत. तरीही साडेचार मीटर लांबीच्या, जमिनीलगत बसणाऱ्या गाडीत काय होतं, ते विसरलं जाऊ नये असं मला वाटतं. ते काय, हे पुढे आंबोलीनं दाखवलं.

कोल्हापुरात मिसळ खाऊन निघालो तेव्हा शाळा सुटली होती. दुचाकींच्या गर्दीत या गाडीची एक सोय उपयोगी पडली. डाव्या आरशाखाली छोटा कॅमेरा आहे. डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचं चित्र मधल्या स्क्रीनवर येतं. उजवीकडे बसलेल्या चालकाला डावीकडून घुसणारी स्कूटर दिसायला सगळ्यात कठीण, आणि आपल्या शहरांत ती नेमकी तिथूनच येते. स्क्रीन वापरावी तर अशी: आपण होऊन कामाच्या क्षणी समोर येते, काम झालं की निघून जाते, आणि तिच्याकडून काही करून घ्यायला बोट उचलावं लागत नाही. मी आधी आरसा बघायचे, मग चित्र, मग स्टिअरिंग वळवायचे.

कर्नाटकातल्या निपाणीला महामार्ग सोडला आणि पुन्हा महाराष्ट्रात शिरलो. उत्तूर, आजरा. दोन्ही बाजूंना भात हिरवंगार. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ याच मातीतला. रस्ता अरुंद, गतिरोधक न सांगता येणारे. इथे सेडानची दुसरी मर्यादा सांभाळावी लागते: पोट जमिनीच्या जवळ आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त, त्यामुळे उंच गतिरोधकावर मधला भाग घासण्याची भीती. वेग अगदी कमी करून तिरकं चढवलं की एकेक चाक वर येतं आणि पोट वाचतं. बारीकसारीक खड्डे मात्र या गाडीचं सस्पेन्शन निमूट गिळतं. मावशीला तेवढ्यात झोप लागली होती, ती गतिरोधकावरही मोडली नाही.

आंबोली आलं ते धुक्यातच. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवरचं हे गाव, हिरण्यकेशीचं उगमस्थान, आणि राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारी इंग्रजांच्या काळातली वाट याच घाटानं चढायची. भाद्रपदात तिथे ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. दहा हातांपलीकडे पांढरं. आणि नेमक्या त्याच वेळी काच आतून धुरकटू लागली.

तिघींच्या श्वासातली वाफ, ओल्या छत्र्या, बाहेर गार झालेली काच: दव धरायला एवढं पुरतं. यावर उपाय म्हणजे एसी चालू ठेवून वारा पुढच्या काचेवर सोडणं. एसी हवा गार करतो तसाच कोरडीही करतो. हवेतलं पाणी आतल्या गार नळ्यांवर ठिबकून गाडीखाली गळून जातं आणि कोरडा वारा काचेवरचं दव पिऊन टाकतो. गारठा वाटतो म्हणून लोक एसी बंद करतात आणि काच आणखी धुरकटते. तापमानाची कळ उजवीकडे फिरवली तर वारा कोमटही राहतो आणि कोरडाही. माझा डावा हात खाली गेला. बोटाला काचेवर वारा सोडणारं बटण सापडलं, मग तापमानाची कळ, टक् टक् टक्. नजर पांढऱ्या पट्ट्यावर होती, ती हलली नाही. काचेच्या तळाशी पंख्याच्या आकाराची स्वच्छ जागा उघडली आणि वर वर सरकत गेली. पुण्यात उभ्या गाडीत केलेली ती पंधरा मिनिटांची उजळणी आणि कुणा अनोळखी अभियंत्यानं कळेच्या कडेला पाडलेल्या त्या खाचा, दोन्ही तिथे कामाला आल्या.

धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवायचे. वरचा झोत पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. चारही इंडिकेटर लावून चालत राहायचं नाही, कारण मग वळताना दिलेला इशारा मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी. समोरून येणारे बरेचजण ते लावूनच येत होते, आणि कोण कुठे वळणार हे ओळखायला मला जड जात होतं.

मग उतार. ऑटोमॅटिक गाडी घाटात नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात. स्टिअरिंगच्या मागे दोन पाकळ्यांसारखे खटके आहेत; डावा ओढला की गिअर खाली येतो आणि इंजिनच गाडीला रोखून धरतं. हात स्टिअरिंगवरून काढावा लागत नाही, हे महत्त्वाचं. वळणाच्या आधी एक घर खाली, वळणातून सावकाश, बाहेर पडताना हलकासा पाय. समोरच्या काट्यांमध्ये एक छोटं वर्तुळ लावता येतं, त्यात एक ठिपका हलतो: ब्रेक लावला, वळण घेतलं, वेग दिला की आतल्या माणसांवर किती जोर पडतो, ते तो दाखवतो. चपळ चालवणाऱ्यांच्या हौसेसाठी केलेली ही सोय मी उलट्या कामाला लावली. वळणाआधीच्या सरळ तुकड्यावर एक ओझरती नजर टाकायची आणि ठिपका मधोमध आहे ना, एवढं बघायचं. तो मध्यावर म्हणजे मागे आईची मान हलत नाही.

सेडानच्या बसक्या अंगाचा उपयोग इथे होतो. गाडीचा भार जितका खाली, तितकी ती वळणावर कमी कलते. घाटात पोटात ढवळतं त्याचं कारण डोळे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग यांची साक्ष जुळत नाही हे. डोळ्यांना समोरच्या सीटची स्थिर पाठ दिसते, कान सांगतो आपण डोलतोय. डोलणं कमी झालं की हा झगडाही कमी होतो. लहानपणापासून आंबोली उतरताना मावशीच्या हातात लिंबू आणि पिशवी असायचीच. या वेळी ती खिडकीतून धबधबा बघत होती. दाणोलीला सपाटीवर आल्यावर तिनं आईला सांगितलं, “माज्या पोटात कायच ढवळूक नाय गो. बरी आसा गाडी.” एवढा दाखला मला पुरेसा होता.

सावंतवाडी ओलांडून वाडीकडच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये गाडीपुरती वाट. मागचा कॅमेरा आणि दारावरचे आरसे यांच्या भरवशावर गाडी खळ्याच्या अलीकडे लावली. आई आणि मावशी शिकवल्याप्रमाणे उतरल्या: दोन्ही पाय बाहेर, मग दाराचा आधार, मग उभं राहणं. साडेतीनशे किलोमीटरनंतर दोघी सामान मोजत थेट माजघरात गेल्या आणि चहाआधीच गणपतीवर टांगायच्या माटवीला काय काय बांधायचं यावर बोलू लागल्या. प्रवासाचा शीण अंगावर असता तर त्या आधी आडव्या झाल्या असत्या.

गाडी आरामदायी आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा गाद्या, स्क्रीनचा आकार, छताची काच यांच्याबद्दल बोलतो. शोरूममध्ये एवढंच दिसतं, कारण तिथे गाडी उभी असते. माझ्या मते चालणाऱ्या गाडीत आराम दोन गोष्टींवर ठरतो: चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर राहू देणं, आणि मागे बसलेल्याला कुणाचे उपकार न घेता बसू देणं. होंडाचे अभियंते माणसाला जास्तीत जास्त आणि यंत्राला कमीत कमी जागा, हे तत्त्व पूर्वीपासून सांगत आले आहेत. जागेच्या बाबतीत ते खरं आहेच. लक्षाच्या बाबतीतही सगळ्याच उत्पादकांनी ते पाळावं. यंत्रानं आपलं लक्ष कमीत कमी मागावं, म्हणजे ते रस्त्यावरच्या माणसांना जास्तीत जास्त देता येईल.

म्हणून नवी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की शोरूमच्या दारातली दहा मिनिटांची फेरी पुरेशी मानू नका. तसलीच गाडी दोन-तीन दिवस भाड्यानं घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला मागे बसवून जवळचा घाट चढा-उतरा. उभ्या गाडीत, डोळे समोर ठेवून, एसीची कळ, काचेवरचा वारा, वायपर आणि हॅझार्ड यांच्यापर्यंत हात पोचतो का ते बघा. पोचला तर त्या गाडीला पहिली पसंती द्या. नाही पोचला तर विक्रेत्याला कारण सांगून परत या, कारण गिऱ्हाईक बोलल्याशिवाय कळा परत येणार नाहीत. आणि उतरल्यावर मागच्या माणसाला विचारा: पाठ कशी आहे, पोट कसं आहे. गाडीबद्दलचं शेवटचं मत त्यांचं.